आठ-वीसच्या पाकळ्या

नागोठण्याला आमच्या मागच्या पडवीत, पश्चिमेचं ऊन थेट लागणार नाही अशा फळीवर सहा-सात कुंड्या आहेत. त्यातल्या एकीत कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडे विटांचे खडे यांत एक स्लिपर ऑर्किड वाढतंय. तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका प्रदर्शनातून ते आणलं, तेव्हा कुंडीत पांढरी पट्टी खोचलेली होती आणि तिच्यावर नाव होतं ‘पॅफिओपेडिलम कॅलोसम’. म्हणजे माणसाने केलेला संकर नव्हे. थायलंड, लाओस, कंबोडिया या बाजूच्या जंगलात आपली आपण उगवणारी मूळ जात. यंदा दिवाळी सरता सरता त्याला पहिलं फूल आलं. एका दांड्यावर एकच. दीड महिना झाला, अजून ताजं आहे.

इतके दिवस टिकणारं फूल सावकाश वाचता येतं. सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसायचं, काल सुटलेलं काही दिसतं का पाहायचं, हातात भिंग असलं तर आणखी बरं. असं वाचता वाचता लक्षात आलं की पट्टी एक सांगते आहे आणि फूल दुसरंच.

पेण इथून फार लांब नाही. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं वावरलेला जाणकार मूर्तीच्या डोळ्यांची आखणी बघतो आणि ती कोणत्या हाताची आहे ते सांगतो. पाटाखाली कोणाचं नाव लिहिलंय हे त्याला बघावं लागत नाही. भुवईची वळण घेण्याची जागा, पापणीची जाडी, बुबुळ कुठे टेकवलंय, एवढ्यावर हात ओळखू येतो. फुलाचा घाटही असाच वाचता येतो. फरक इतकाच की इथे हात आई-बापांचा असतो.

आधी बांधणी समजून घेऊ. आपल्या रायगडातल्या आंब्याच्या, ऐनाच्या फांदीवर लोंबणारी सीतेची वेणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ऑर्किडच्या फुलाचा साचा माहीत असतो. बाहेरची तीन दलं, आतल्या तीन पाकळ्या, त्यांपैकी एक पाकळी वेगळी घडलेली, तिला ओठ म्हणतात. स्लिपर ऑर्किडमध्ये हा ओठ फुगून चक्क एक थैली होते, मोजडीच्या चवड्यासारखी. बाहेरच्या तीन दलांपैकी खालची दोन एकमेकांत मिसळून थैलीच्या मागे लपतात आणि वरचं एकटं दल ध्वजासारखं उभं राहतं. सीतेच्या वेणीत परागाचं केसर एकच. इथे दोन, खांबाच्या दोन बाजूंना एकेक. तिसरं केसर पराग देत नाही. त्याची ढालीसारखी चकती होऊन ती फुलाच्या अगदी मधोमध बसते. हे वंध्यकेसर. पॅफिओपेडिलमच्या जाती वेगळ्या करताना वनस्पतिशास्त्रज्ञ सगळ्यात जास्त भरवसा ठेवतात तो या नखाएवढ्या चकतीवर.

रंग मात्र मी पहिल्यापासून बाजूला ठेवला. रंगावर ऊन, गारवा, खत, फुलाचं वय या सगळ्यांचा हात फिरतो. आमच्या दमट उकाड्यात जांभळ्या रेघा फिकट निघतात, तेच झाड महाबळेश्वरच्या थंडीत गडद फुलेल. घाट इतका लवकर बदलत नाही. एका रात्री वीज गेली असताना टॉर्च लावून कुंडीपाशी गेलो तेव्हा फुलाची सावली मागच्या चुन्याच्या भिंतीवर पडली, हातभर मोठी. रंग नाही, रेघा नाहीत, नुसती बाह्यरेषा. त्या सावलीने मला जे सांगितलं ते दिवसाच्या उजेडात समोर असूनही मी नीट पाहिलं नव्हतं. पाकळ्यांचा कोन.

दोन बाजूंच्या पाकळ्या घड्याळाच्या काट्यांसारख्या धरून पाहा. खऱ्या कॅलोसमच्या पाकळ्या खाली उतरलेल्या असतात, सुमारे सात-वीस वाजल्यासारख्या, आणि उतरताना हलकेच मागेपुढे वळतात. त्या फुलाच्या चेहऱ्यावर त्यामुळे एक थकवा असतो, खांदे सैल सोडलेल्या माणसासारखा. बोर्निओच्या लॉरेन्सिएनम या जातीच्या पाकळ्या याच्या अगदी उलट: ताठ, आडव्या, पावणेतीन वाजल्यासारख्या. माझ्या भिंतीवरच्या सावलीत वाजले होते आठ-वीस. ना सात-वीस, ना पावणेतीन. दोन्हींच्या मधोमध.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण पहिल्या आठवड्यात मीही चुकलो असतो. उमललेल्या पहिल्या दिवशी पाकळ्यांचा कोन वाचू नये. कळीत घड्या घालून बसलेल्या पाकळ्यांना आपली जागा घ्यायला चार-सहा दिवस लागतात, काही जातींत त्याहून जास्त. माझ्या फुलाच्या पाकळ्या पहिल्या दिवशी जवळजवळ आडव्या होत्या. आठव्या दिवशी त्या आठ-वीसवर आल्या आणि तिथेच थांबल्या. आणखी खाली गेल्या असत्या तर पट्टी खरी ठरली असती. मी वाट पाहिली. त्या गेल्या नाहीत.

आता चामखिळी. हे वर्णन कोणाला सुंदर वाटणार नाही, पण या फुलाची खरी गंमत इथे आहे. पाकळीच्या कडेवर काळपट, चकचकीत, उंचवट्याचे ठिपके असतात आणि त्यांतून बारीक केस उगवतात. कॅलोसम या नावाचा अर्थच घट्टे पडलेलं असा. जातीचं नाव ज्या खुणेवरून पडलं ती खूण तपासायलाच हवी. खऱ्या कॅलोसममध्ये हे ठिपके मुख्यतः पाकळीच्या वरच्या कडेवर असतात. लॉरेन्सिएनममध्ये वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कडांवर. मी भिंग घेऊन बसलो. वरच्या कडेवर डाव्या पाकळीत सात, उजवीत आठ, मोठे आणि ठसठशीत. मग पाकळी बोटाच्या टोकाने जराशी उचलून खालची कड पाहिली. डाव्या बाजूला तीन, उजव्या बाजूला दोन. लहान, पण स्पष्ट. कॅलोसमच्या पट्टीला या पाच ठिपक्यांचा हिशोब देता येत नाही.

हे ठिपके कशासाठी असतात हेही सांगण्याजोगं आहे. हवेत एका जागी तरंगणाऱ्या काही माश्या आपली अंडी माव्याच्या वसाहतीजवळ घालतात, कारण त्यांच्या अळ्या मावा खाऊन वाढतात. पाकळीवरचे काळे उंचवटे त्यांना मावा वाटावेत यासाठी असावेत, असं अभ्यासक मानतात. किनाबालू डोंगरावरच्या रोथशील्डियानम या जातीच्या वंध्यकेसरावर अशा माश्यांनी खरोखर अंडी घातलेली आढळली आहेत. माशी घसरून थैलीत पडते, गुळगुळीत भिंतीवरून तिला वर चढता येत नाही, मागच्या बाजूच्या केसांच्या शिडीवरूनच तेवढी वाट असते. त्या वाटेने जाताना आधी कुक्षीखालून आणि मग परागाला घासून ती बाहेर पडते. बाहेर आल्यावर तिच्या अंड्यांसाठी तिथे काहीच नसतं. आपण ज्याला सौंदर्य म्हणतो त्या कडेवरच्या ठिपक्यांत एका माशीची फसवणूक भरलेली आहे, आणि तीच खूण आज एका झाडाचं कूळ सांगायला उपयोगी पडते. मला हे फार मोलाचं वाटतं.

वरच्या दलाबद्दल थोडक्यात. कॅलोसमचं दल रुंद, हृदयासारखं, कडा किंचित मागे मुडपलेल्या. माझ्या फुलाचं दल जवळजवळ गोल आणि सपाट, पांढऱ्यावर तळाशी हिरव्या आणि वर जांभळट होत जाणाऱ्या रेघा, एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. ही गोलाई लॉरेन्सिएनमकडची. थैलीकडून मला काही मिळालं नाही. दोघांचीही थैली तांबूस तपकिरी. वंध्यकेसर दोघांचंही चंद्रकोरीसारखं, तेव्हा त्यानेही निवाडा केला नाही. मात्र त्या चंद्रकोरीने एक दार बंद केलं. मेघालयाच्या खासी टेकड्यांतल्या इन्सिग्नेच्या घराण्यात वंध्यकेसर असं नसतं, मधे पिवळं बोंड असलेलं, उलट्या हृदयाच्या घाटाचं असतं. तिकडचं रक्त या फुलात नाही एवढं नक्की.

तर फूल म्हणतं: माझी एक बाजू कॅलोसमची, दुसरी बहुधा लॉरेन्सिएनमची. या दोघांचा संकर नवा नाही. इंग्लंडमधल्या चार्ल्सवर्थ या रोपवाटिकेने 1900 साली त्याची नोंद केली आणि त्याचं नाव पडलं मॉडिए. मूळच्या मॉडिएचे दोन्ही पालक हिरवट-पांढरे, जांभळा रंग हरवलेले होते, त्यामुळे ते फूल हिरव्या-पांढऱ्या रेघांचं झालं. पुढे रंगीत पालक घेऊन जांभळे मॉडिएही आले आणि त्यानंतर त्यांच्यातच पुन्हा पुन्हा संकर होत गेले. उष्ण, दमट हवेत, चट्टेपट्टेदार पानांचे हे प्रकार चांगले वाढतात. कोकणात स्लिपर ऑर्किड लावायचं असेल तर हेच लावावं.

पण थांबा. फूल मॉडिएसारखं दिसतं म्हणून पट्टीवर मॉडिए लिहायचं का? माझ्या मते नाही.

ऑर्किडच्या संकराचं नाव घाटावरून पडत नाही, जन्मावरून पडतं. 1906 साली सँडर या ऑर्किड-व्यापाऱ्यांनी संकरांची पहिली मोठी यादी छापली. 1961 पासून ही नोंद लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते. नियम साधा आहे: अमुक आई आणि अमुक बाप यांची जितकी म्हणून लेकरं, त्या सगळ्यांचं एकच नाव, मग ती कशीही दिसोत. आई-बापांची अदलाबदल केली तरी नाव तेच. म्हणजे मॉडिए हे रूपाचं वर्णन नव्हे, तो जन्मदाखला आहे. मॉडिएला परत कॅलोसमशी जोडलं तर होणारं लेकरू माझ्या फुलासारखंच दिसू शकेल, पण त्याचं नाव मॉडिए नसेल. तिसऱ्याच एखाद्या जवळच्या जातीचं, बार्बाटमचं, थोडं रक्त मिसळलेलं असलं तर तेही या घाटात लपून राहील. म्हणून इतके दिवस वाचल्यावर मी या मताचा झालो आहे: फुलाचा घाट खोटं नाव खोडून काढू शकतो, खरं नाव बहाल करू शकत नाही. जाणकार म्हणवणारे काहीजण फोटो पाहून पाच सेकंदांत संकराचं पूर्ण नाव सांगून मोकळे होतात, त्यांच्याशी माझा वाद आहे. त्या घाईने एका चुकीच्या पट्टीच्या जागी दुसरी चुकीची पट्टी लागते, आणि दुसरी जास्त धोक्याची, कारण तिच्यामागे जाणकाराचा शब्द असतो.

पट्ट्या चुकतात कशा, हे ज्याने एकदा तरी कुंड्या बदलल्या त्याला सांगायला नको. बी काचेच्या बाटलीत रुजतं, मग पंचवीस-तीस रोपं एका ट्रेमध्ये, मग एकेक कुंडी; प्रत्येक टप्प्यावर नाव हाताने लिहायचं. बी रुजल्यापासून फूल यायला चार-पाच वर्षं जातात, तोवर पट्टीवरच विश्वास. मार्करची शाई आमच्याकडच्या दोन पावसाळ्यांत पुसते. पट्टी मोडते, मांजर खेळायला नेते, पाणी घालणारा मुलगा पडलेली पट्टी उचलून जवळच्या कुंडीत खोचतो. त्यात या गटाची झाडं ऊतिसंवर्धनाने हजारोंनी एकसारखी काढणं अजून नीट जमलेलं नाही. डेंड्रोबियममध्ये, फॅलेनॉप्सिसमध्ये ते रोजचं आहे. इथे प्रत्येक रोप बियाचं, म्हणून प्रत्येक रोप वेगळं, नाही तर एखाद्या जुन्या झाडाचा तुटलेला फुटवा. मला रोप विकणाऱ्याने फसवलं असं मला वाटत नाही. त्याच्याकडे ते याच पट्टीसह आलं असणार.

चुकलेल्या पट्टीने कधीकधी काही हातीही लागतं. 1964 साली थायलंडहून जर्मनीला गेलेल्या कॅलोसमच्या झाडांत काही झाडं अशी निघाली की फूल आल्यावर सगळे चकित झाले. पाकळ्या रुंद, आडव्या, सपाट आणि कडेवर नव्हे तर सगळ्या अंगभर काळे ठिपके. पानं कॅलोसमसारखीच, म्हणून तोवर कोणालाच संशय आला नव्हता. 1965 साली त्या झाडांचं नवी जात म्हणून वर्णन झालं आणि थायलंडच्या सुखाकुल यांच्यावरून तिला सुखाकुली नाव मिळालं. पट्टीवर कॅलोसम लिहिलेलं होतं, फूल आलं, कोणीतरी नीट पाहिलं. एवढंच झालं होतं. आपल्या आसामची स्पायसेरियानमही अशीच 1878 साली इंग्लंडमध्ये स्पायसर नावाच्या गृहस्थांच्या झाडांत उमलली आणि तिच्या शोधात सँडरने आपला माणूस आसामात धाडला.

स्पायसेरियानमचं वरचं पांढरं दल आणि त्याच्या मधोमध खालपासून टोकापर्यंत ओढलेली एकच जांभळी रेघ एकदा पाहिली की विसरता येत नाही. इन्सिग्ने आणि स्पायसेरियानम या दोघांचा लीएनम हा संकर 1884 पासून नोंदलेला आहे आणि त्याच्या पांढऱ्या दलावर ती रेघ उतरलेलीच असते, सोबत इन्सिग्नेचे ठिपके. इन्सिग्ने म्हणून मला दाखवलेल्या काही झाडांत ती रेघ मी पाहिली आहे आणि ती झाडं मला लीएनमच वाटली. भूतान-आसामकडच्या फेअरियानमच्या पाकळ्या म्हशीच्या शिंगांसारख्या खाली जाऊन टोकाशी वर वळतात. तिची लेकरं हे वळण दोन-दोन पिढ्या टिकवतात. केरळातल्या अगस्त्यमलै डोंगरातली द्रुरी, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाची ही एकटी रहिवासी, पिवळ्या फुलावर तपकिरी पट्टा ओढते, तोही लेकरांत दिसतो. प्रत्येक घराण्याची एकेक ठसठशीत खूण असते. 1869 साली व्हीच यांच्या रोपवाटिकेत डॉमिनी यांनी घडवलेला हॅरिसियानम हा स्लिपर ऑर्किडचा पहिला संकर आजही वाचता येतो, एवढा त्यात आई-बापांचा हात स्वच्छ आहे. उलट प्रदर्शनांत बक्षिसं मिळवणारी ती मोठी, वाटोळी, वाटीसारखी भरलेली फुलं, ज्यांत दहा-दहा पिढ्यांचं मिश्रण आहे, त्यांच्यापाशी माझं वाचन थांबतं. ती देखणी आहेत, पण गोलाईच्या हव्यासात सगळ्यांच्या खुणा घासून गेल्या आहेत. मला ती आवडत नाहीत.

आपल्याकडे हे वाचन अधिक अवघड आहे, कारण तुलनेला रानात काहीच नाही. महाराष्ट्रात एकही स्लिपर ऑर्किड रानात उगवत नाही. सांतापाव आणि कापाडिया यांच्या 1966 च्या ‘ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथात आपल्या रानातली ऑर्किडं आहेत, त्यात हे घराणं नाही. तेव्हा जाणायचं ते चित्रांवरून, फोटोंवरून आणि दुसऱ्याच्या पडवीतल्या झाडावरून. म्हणून पट्टीची जबाबदारी आपल्याकडे जास्त मोठी. रानातली मूळ स्लिपर ऑर्किडं कायद्याने संरक्षित आहेत, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि जाती-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टाने. रानातून नवी झाडं येणार नाहीत, येऊही नयेत. मूळ जातींचं जे काही बी पुढे धरलं जाईल ते पडव्यांतल्या आणि रोपवाटिकांतल्या झाडांवरच. कॅलोसमची पट्टी लावलेल्या संकरावर कोणी मूळ जातीचं बी म्हणून पराग टाकला, तर पुढची शेकडो रोपं खोट्या नावाने मोठी होतील, आणि मग ते कूळ मागे जाऊन सुधारता येणार नाही.

तुमच्याकडे पट्टी लावलेलं स्लिपर ऑर्किड असेल तर त्याचं फूल आठव्या दिवशी समोरून, बाजूने आणि पाकळीची खालची कड दिसेल असं, तीन वेळा टिपून ठेवा. जुनी पट्टी चुकीची वाटली तरी फेकू नका. तिच्यावर कधी, कुठून आणलं हे असतं, आणि पुढच्या वाचकाला ते लागेल. मी जुनी पट्टी त्याच कुंडीत उलटी खोचली आहे. नव्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलं आहे, शाई पुसते, शिसं पुसत नाही म्हणून: कॅलोसम नव्हे. मॉडिए प्रकार. पालक अज्ञात. नागोठणे.